वाडीतली आरागिरणी

चाचीच्या मय्यतीला आम्ही गोठ्याचं दार तोडलं होतं.

एप्रिल २०२० मधली गोष्ट. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. मी मार्चमध्ये मुंब्र्याहून चार दिवसांसाठी म्हणून म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावी आलो आणि तिथेच अडकलो. चाची बरेच दिवस आजारी होती. एका पहाटे तिचा इंतकाल झाला. कबर खोदायला माणसं मिळाली, कफनाचं कापड घरात होतं. अडचण आली ती फळ्यांची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मय्यत कबरीत उतरवल्यावर तिच्यावर थेट माती ढकलत नाहीत. अंगावर माती पडू नये म्हणून कबरीत तिरप्या फळ्या लावतात, फटींवर चटई किंवा पाला घालतात आणि मग सगळे मूठ मूठ माती देतात. आमच्या गावात एका कबरीला तीन फुटी आठ-नऊ फळ्या लागतात. जमात त्या तालुक्याच्या वखारीतून आणून कब्रस्तानच्या शेडमध्ये ठेवत असे. त्या दिवशी शेडमध्ये तीनच फळ्या होत्या. वखार बंद होती, टेम्पो बंद होते, रस्त्यावर पोलीस होते.

अब्बा काही बोलले नाहीत. ते गोठ्यात गेले, दाराचे बिजागरे काढले आणि दार अंगणात आडवं टाकलं. दादांच्या काळातलं दार. आम्ही त्याच्या फळ्या सुट्या केल्या, खिळे उपटले, लांबी कापली. दुपारी चाची त्या दाराखाली झोपली.

परत येताना अब्बा एवढंच म्हणाले, "गावात एवढी झाडं उभी आहेत आणि आपल्याकडे फळी नाही."

तेव्हा मला ते दुःखातलं बोलणं वाटलं. पण तो हिशोब होता, हे पुढे कळलं.

*

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड, सगळ्या पट्ट्यात त्याने काय केलं ते इथल्या माणसांना सांगायची गरज नाही. दुपारी दोन-अडीच तास वारा असा फिरत होता की घराचे पत्रे कुठल्या दिशेने उडतील याचाही अंदाज येईना. संध्याकाळी आम्ही दार उघडून बाहेर आलो तर वाडी ओळखू येत नव्हती. जिथे सावली असायची तिथे आभाळ दिसत होतं. श्रीवर्धनी रोठ्याच्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या होत्या. माडांचे शेंडे गेले होते. विहिरीजवळचा रायवळ आंबा मुळासकट उलटला होता आणि त्याने पडता पडता मागच्या फणसालाही लोळवलं होतं.

आंबा दादांनी लावलेला. फणस त्याच्याही आधीचा.

पहिले काही दिवस पंचनाम्याची वाट पाहण्यात गेले. पंचनामा होईपर्यंत पडलेल्या झाडाला हात लावायचा नाही, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पंचनामे झाले आणि लगेच लाकडाचे व्यापारी फिरू लागले. त्यांचा भाव साधा होता : आम्ही तोडून नेतो, वाडी साफ करून देतो, वर थोडे पैसे देतो. ज्याच्या घरावर पत्रा नाही तो घासाघीस करत नाही. आमच्या आळीतली निम्मी झाडं आठ दिवसांत ट्रकमध्ये चढली.

आमच्याकडेही एक जण आला. त्याने आंब्याभोवती टेप फिरवली, फणसाभोवती फिरवली आणि एक आकडा सांगितला. अब्बांनी मला विचारलं, "लाकूड किती आहे यात?" मला सांगता येईना. तेव्हा शेजारच्या वाडीतले सुतारकाका पुढे झाले. त्यांनी दोरीने घेर मोजला, दोरीची चार पदरी घडी केली, त्या घडीच्या लांबीला तिनेच गुणलं आणि मग ओंडक्याच्या लांबीने गुणलं. आंब्याचा घेर सात फूट, म्हणजे घडी पावणेदोन फुटांची. ओंडका नऊ फूट. साडेसत्तावीस घनफूट. फणसाचा घेर पाच फूट, ओंडका आठ फूट. साडेबारा घनफूट. झाडात खरं लाकूड यापेक्षा जास्त असतं, पण साल, वाक आणि कापण्यातली घट या चौथाईच्या हिशोबातच धरलेली असते. इंग्रजांच्या काळापासून लाकूड असंच मोजतात.

व्यापाऱ्याचा आकडा त्या घनफुटांवर वाटला तेव्हा अब्बा हसले. त्याच भावाने वखारीतून विकत घेतलं असतं तर चाचीच्या कबरीच्या फळ्याही आल्या नसत्या.

"आपणच चिरू," अब्बा म्हणाले.

*

वाडीत लाकूड चिरणं आमच्या घराला नवीन नाही. अब्बांच्या लहानपणी आराकश यायचे. आरा म्हणजे मोठी करवत, ती ओढणारा तो आराकश. दोघांची जोडी असे. वाडीच्या उतारावर लाकडी घोडी उभी करायची, ओंडका तिच्यावर चढवायचा, एकाने वर उभं राहायचं, एकाने खाली. वरचा माणूस रेघ सांभाळतो आणि आरा उचलतो, खालचा माणूस ओढतो. कापणी ओढताना होते, त्यामुळे सगळा भुसा खालच्याच्या डोळ्यांत. अब्बा सांगतात, खालच्याला मजुरी थोडी जास्त मिळावी असं दादांना वाटायचं, पण जोडी ऐकायची नाही. अर्धा दिवस झाला की ते आपसात जागा बदलायचे.

ते आराकश आता नाहीत. त्यांची मुलं मुंबईत, काही आखातात. सुतारकाकांकडे एक जुना आरा भिंतीला टांगलेला होता, पण तो ओढायला दोन तरणी माणसं हवीत आणि आठ दिवस हवेत. गावात वीज नव्हती, ती यायला अजून काही आठवडे लागणार होते. मग उरली पेट्रोलवर चालणारी चेनसॉ.

मी माणगावहून अठ्ठावन्न सीसीची, बावीस इंची पात्याची एक स्वस्तातली चेनसॉ आणली. त्या पात्याला घट्ट बसेल अशी लोखंडी चौकट म्हसळ्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. परदेशात लोक घरच्या घरी फळ्या काढायला अशीच चौकट वापरतात, तिला अलास्कन मिल म्हणतात. तत्त्व साधं आहे. चौकट एका सपाट पृष्ठभागावर सरकते आणि पातं तिच्या खाली ठरावीक अंतरावर, आडवं चालतं. अंतर सव्वा इंच ठेवलं तर सव्वा इंचाची फळी निघते. पण ओंडका गोल असतो, त्याला सपाट पृष्ठभाग कुठला? म्हणून पहिल्या कापापुरते जुन्या रॅकचे दोन लोखंडी अँगल ओंडक्यावर समांतर ठोकायचे आणि चौकट त्यांच्यावरून सरकवायची. पहिली पाठ निघाली की पुढच्या प्रत्येक फळीला मागचा कापच रूळ होतो. अर्थात पहिला काप वाकडा गेला तर सगळ्या फळ्या वाकड्या.

सुतारकाकांनी कोळशाच्या पाण्यात सुतळी भिजवून ओंडक्यावर सूत मारलं, अँगल ओळंब्यात आहेत की नाहीत ते पाहिलं आणि मला म्हणाले, "आता कर सुरू. पण ही साखळी चालायची नाही."

त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. नवी कोरी साखळी होती. मी इंजिन सुरू केलं, चौकट ढकलली. दहा मिनिटांत चार इंच. पात्यातून धूर येऊ लागला आणि भुश्याऐवजी पिठासारखी पूड पडू लागली.

काकांनी तेव्हा जे सांगितलं ते मला नंतर यंत्राच्या माहितीतही सापडलं. झाड आडवं तोडायची करवत वेगळी आणि लाकूड उभं चिरायची वेगळी. आडव्या करवतीचे दात सुरीसारखे धागे तोडतात, उभ्या करवतीचे दात पटाशीसारखे धागे खरवडत जातात. चेनसॉच्या साखळीचा दात तीस-पस्तीस अंशांत घासलेला असतो, कारण ती झाड तोडण्यासाठी असते. चिरण्यासाठी तोच दात दहा अंशांपर्यंत सरळ करावा लागतो. काका पडवीत बसले, गोल कानस घेतली आणि साखळीचा एक एक दात घासत गेले. दीड तास लागला. ज्या माणसाने आयुष्यात चेनसॉ धरली नव्हती त्याने पहिल्या दिवशी तिची चूक ओळखली.

दुसरी अडचण पात्याच्या लांबीची. सात फूट घेराच्या आंब्याचा व्यास जवळपास सत्तावीस इंच भरतो. बावीस इंची पात्यातले तीन इंच चौकट खाते. म्हणून आधी ओंडक्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड पाठी हातानेच सोलून काढल्या, तेव्हा कुठे मधला अठरा इंच रुंद गाभा चौकटीत बसला. कापताना लाकूड मागून मिटतं आणि साखळी चिमटते, म्हणून दर दोन फुटांवर मागे लाकडी पाचर ठोकत जायचं. पायात बूट, डोळ्यांवर जाळी, कानांत बोळे. पात्याचं टोक कशाला लागलं तर यंत्र उसळून माणसाच्या अंगावर येतं, त्यामुळे चौकटीशिवाय हाताने काप घेताना माझे हात थरथरत. अम्मी तेवढा वेळ घरात जाऊन बसायची.

जूनच्या पावसाच्या उघडिपीत, पाच दिवसांत, आम्ही आंब्याचे सहा लांब पट काढले. नऊ फूट लांब, अठरा इंच रुंद. प्रत्येक पटातून तीन फुटी सहा फळ्या. छत्तीस फळ्या म्हणजे चार कबरी आणि वर चार. अब्बांनी मोजून पाहिल्या. त्या दिवशी ते जेवताना बोलले, बऱ्याच दिवसांनी.

*

आणि मग मी त्या छत्तीस फळ्या घालवल्या.

पाऊस पुन्हा लागला. फळ्या भिजू नयेत म्हणून मी त्या गोठ्यात एकावर एक रचल्या, अगदी वह्यांसारख्या नीट, आणि वर ताडपत्री घातली. मला वाटलं, किती छान ठेवल्या. जुलैच्या शेवटी ताडपत्री काढली तेव्हा वास आला. फळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यांच्यावर निळी-काळी बुरशी होती आणि बाजूने बारीक पिवळं पीठ गळत होतं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, शेकड्यांनी. भुंगेऱ्याने आतून घर केलं होतं. हातात घेतलेल्या फळीचा कोपरा बिस्किटासारखा तुटला.

ओलं लाकूड म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज. चिरल्यावर त्याला आधी पाणी सोडायला जागा हवी. दोन फळ्यांच्या मध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या हव्यात, दीड-दोन फुटांवर, आणि खालपासून वरपर्यंत एकाच रेषेत, नाहीतर फळ्या पिळवटतात. थर जमिनीपासून हातभर उंच हवा. वर छप्पर हवं, पण बाजू उघड्या हव्यात, म्हणजे वारा आरपार जाईल. फळीच्या दोन्ही टोकांना तैलरंग किंवा मेण लावायचं, कारण टोकं सगळ्यात आधी सुकतात आणि तिथूनच लाकूड तडकतं. आंब्यासारखं कच्चं लाकूड असेल तर चिरल्या दिवशीच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारायचं. आणि मग वाट पाहायची. जुना नियम असा की जाडीच्या दर इंचाला एक वर्ष.

हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं. आणि विचारायचं सुचलं नव्हतं, कारण यंत्र चालवता आलं म्हणजे काम आलं असं मला वाटलं होतं.

अब्बा रागावले नाहीत. त्यांनी त्या फळ्या एक एक करून बाहेर आणल्या, ठोकून पाहिल्या, आणि सगळ्या चुलीच्या लाकडात टाकल्या. दादांनी लावलेल्या झाडाचा अर्धा भाग. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

उरलेल्या अर्ध्या ओंडक्याची साल आम्ही काढली, तो दगडांवर उचलला, टोकांना रंग फासला, औषध मारलं आणि वर पत्रा घातला. फणस तसाच ठेवला. फणसाला घाई नव्हती.

*

पावसाळ्यात मला एक वेड लागलं. गावोगाव झाडं पडली होती. मी विचार केला, चेनसॉऐवजी एक छोटी बँडसॉ लावू, गावाची स्वतःची गिरणी. चेनसॉची साखळी एका कापाला आठ-नऊ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. इंच-सव्वा इंचाच्या तीन-चार फळ्या काढल्या की एक फळी भुश्यात जाते. बँडसॉचं पातं दोन-तीन मिलिमीटरच खातं. हिशोब पक्का होता. मी वनखात्याच्या कार्यालयात गेलो.

तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे समजावलं. लाकूड चिरायची गिरणी, सरकारी भाषेत आरागिरणी, परवान्याशिवाय लावता येत नाही. निलगिरीतल्या गुडलूरच्या जंगलतोडीवरून गोदावर्मन तिरुमुलपाड नावाच्या गृहस्थांनी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्या प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ ला कोर्टाने जो आदेश दिला त्याने देशभरच्या जंगलांचं काम बदललं. २००२ मध्ये नव्या आरागिरण्यांवर कोर्टाने आणखी कडक बंधन घातलं. आजही नवा परवाना राज्य पातळीवरची समिती त्या भागात लाकूड किती उपलब्ध आहे ते पाहूनच देते. शिवाय आंबा, फणस, ऐन, किंजळ, साग, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या वाडीतलं असलं तरी उभं झाड तोडायला परवानगी लागते आणि लाकूड बाहेर न्यायचं तर वाहतूक पास.

"तुमचं पडलेलं झाड, पंचनामा झालेला, तुमच्याच वाडीत, तुमच्याच घरासाठी," ते म्हणाले, "तेवढं हाताने चिरा, वनरक्षकाला कळवून ठेवा. पण दुसऱ्याचं लाकूड पैसे घेऊन चिरू नका. ती गिरणी झाली."

बाहेर पडताना मी चिडलो होतो. ट्रक भरभरून लाकूड गेलं ते दिसलं नाही आणि माझी फळी दिसली, असं वाटत होतं. घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "गावात गिरणी आली तर तिला रोज लाकूड लागेल. वादळ रोज येत नाही. मग काय करशील?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या मागच्या डोंगरावर अब्बांच्या लहानपणी ऐन-किंजळीचं रान होतं. कोळशाच्या भट्ट्या आल्या आणि रान गेलं. जमीन लोकांची स्वतःची होती, झाडं त्यांची स्वतःची होती, आणि तरी डोंगर उघडा पडला. बँडसॉचा विषय मी सोडला. दाराशी गिरणी असणं आणि घरी करवत असणं यात फरक आहे. पहिली झाड शोधत फिरते, दुसरी झाड पडेपर्यंत भिंतीला टांगलेली राहते.

*

नोव्हेंबरात उरलेला आंबा चिरायला घेतला. वरचं दोन बोटं लाकूड काळं पडलं होतं, आतलं चांगलं होतं. तिसऱ्या पटाला साखळी किंचाळली आणि ठिणग्या उडाल्या. इंजिन बंद करून छिन्नीने उकरलं तर आत लोखंडाचा आकडा. झाडाने त्याला पूर्ण गिळलं होतं, बाहेरून खूणही नव्हती.

अब्बांनी तो हातात घेतला. "बावांचा तराजू याला टांगायचे. सुपारीच्या दिवसांत."

झाड शेंड्याकडून वाढतं, बुंध्यात ठोकलेला खिळा वर्षानुवर्षं त्याच उंचीवर राहतो. अब्बांनी उलटलेल्या मुळापासून आकड्यापर्यंत अंतर मोजलं आणि आपल्या खांद्याला हात लावून पाहिला. ते चार बोटं कमी भरलं. "बावा माझ्यापेक्षा बुटके होते," ते म्हणाले. दादांचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

साखळीचे नऊ दात गेले. काकांनी पुन्हा कानस घेतली.

या वेळी सात पट निघाले, बेचाळीस फळ्या. मध्ये पट्ट्या, टोकांना रंग, खाली दगड, वर पत्रा, बाजू मोकळ्या. डिसेंबरात फणस चिरला. फणसाचा गाभा कापताक्षणी हळदीसारखा पिवळा दिसतो. भुसा अंगावर पडला की कपडे पिवळे होतात. पूर्वेकडच्या देशांत बौद्ध भिक्खू याच लाकडाच्या रंगात चीवर रंगवतात. मी अब्बांना म्हटलं, या लाकडाला वाळवी लागत नाही, आंब्यापेक्षा हेच कब्रस्तानला देऊ या का? चांगलं लाकूड द्यावं असं मला मनापासून वाटत होतं.

अब्बांनी मान हलवली. "कबरीची फळी कुजली पाहिजे. तिचं काम चार दिवसांचं. माती हळूहळू बसली पाहिजे, जागा पुढच्याला मोकळी झाली पाहिजे. टिकणारं लाकूड जिवंत माणसांना. दाराला, चौकटीला."

तिथेच बसलेले सुतारकाका म्हणाले, "आमच्याकडेही आंबाच लागतो, भाई." त्यांनी बाजूला पडलेल्या जाड पाठी आणि फांद्यांकडे पाहिलं. अब्बा म्हणाले, "त्या घेऊन जा. स्मशानाच्या शेडला टाका. आम्ही त्या जाळून काय करणार?" बैलगाडीच्या दोन खेपा गेल्या.

*

आंब्याच्या फळ्या फेब्रुवारी २०२१ मध्ये कब्रस्तानच्या शेडमध्ये पोचल्या. कबरीसाठी त्या पुऱ्या सुकायची गरज नव्हती, फक्त बुरशी-भुंगेऱ्यापासून वाचायला हव्या होत्या, आणि त्या वाचल्या. जमातीतल्या एकाने हसत विचारलं, "एवढ्या कशाला?" अब्बांनी शेडच्या भिंतीवर खडूने ४२ लिहिलं.

एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली. आमच्या छोट्या गावात सहा आठवड्यांत चार मय्यती झाल्या. सगळ्या त्या आजाराच्या नव्हत्या, पण दिवस तेच होते. एक मय्यत रात्री अकराला आली. चार माणसं, टॉर्च, घाई. कुणाला फळीसाठी कुठे जावं लागलं नाही, कुणाचं दार काढावं लागलं नाही. पलीकडच्या स्मशानात काकांच्या आळीतल्या दोन चिता पेटल्या, त्यात आमच्या आंब्याच्या पाठी होत्या. त्याबद्दल दोन्हीकडे कुणी काही बोललं नाही. बोलायचे ते दिवस नव्हते.

प्रत्येक दफनानंतर अब्बा जुना आकडा पुसून नवा लिहीत. ३४. २६. १८. १०.

फणसाच्या फळ्या वर्षभर सुकल्या. २०२२ च्या सुरुवातीला काकांनी त्यातून गोठ्याचं दार केलं. पिवळा रंग तोवर तांबूस तपकिरी झाला होता. बिजागरे जुनेच लावले, जे अब्बांनी त्या दिवशी काढून फडक्यात बांधून ठेवले होते. गोठ्यात आता गुरं नाहीत. चेनसॉ, चौकट, कानस आणि तो लोखंडी आकडा तिथे असतो.

लोक विचारतात, परवडतं का? खरं सांगतो. यंत्र, चौकट, दोन जादा साखळ्या, तेल, पेट्रोल, बूट-जाळी धरून माझे अठरा हजारांच्या आसपास गेले आणि अर्धा आंबा चुलीत गेला. पहिल्या वर्षी वखार स्वस्त पडली असती. ज्याला एकदाच चार फळ्या हव्यात त्याने वखारीतच जावं. पण ज्याच्या वाडीत जुनी झाडं आहेत, त्याने निदान घेर मोजायला, फळ्यांत पट्ट्या घालायला आणि साखळीचा दात ओळखायला शिकून ठेवावं. झाड पडलं की व्यापारी आठव्या दिवशी दारात असतो, आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो.

मी आता मुंब्र्यात असतो, सुट्टीला गावी जातो. गेल्या आठवड्यात शेजारच्या आळीतून फोन आला. त्यांचा जुना आंबा पावसात कलंडला होता.

"तुझं मशीन आहे ना रे गोठ्यात?"

मी सांगितलं, आधी तलाठ्याला बोलवा, पंचनामा करून घ्या, वनरक्षकाला कळवा. ओंडका जमिनीवर ठेवू नका, दगडांवर उचला. टोकांना रंग लावा. मी शनिवारी येतो. पैसे घेणार नाही, घेताही येत नाहीत. पेट्रोल तुमचं.

"आणि फळ्या?"

मी अब्बांना विचारून सांगतो म्हटलं. अब्बा शेजारीच होते, सगळं ऐकत होते.

"दहाच उरल्यात," ते म्हणाले. "त्यांना सांग, दोन पट शेडला."